उलटून पाहिलं नाही

गुरुवार, रात्री

आज कोणीही उलटून पाहिलं नाही.

कर्नाटकी कशिद्यातल्या पालखीचा भरलेला चौकोन पुरा करून नेला होता. हातोहाती फिरला. "सुरेख गं", "किती बारीक", "डोळ्यांना जप हं". धारवाडच्या वहिनींनी तर तो दोन्ही हातांनी अलगद धरला आणि तसाच पुढे दिला. सुलट. माईंनीही सुलटच पाहिला. मग चहा आला, मटकीची उसळ आली, आणि पालखी पिशवीत गेली.

दर गुरुवारी आम्ही भरतकामवाल्या बायका जमतो, तिथे असं होत नाही. कोणाचंही काम हातात आलं की आधी मागची बाजू बघायची, 'छान' म्हणायचं असेल तर ते त्यानंतर. नव्या मुलींना याचा राग येतो. एक तर रडलीच होती, वहिनींनी तिच्या गोपुरामागची गाठ नखाने टोकरून सगळ्यांना दाखवली तेव्हा. तिला स्वयंपाकघरात नेऊन मीच समजावलं होतं, की अगं, कर्नाटकी कशिद्याला गाठ चालतच नाही, नेगीच्या टाक्याचं सोड, पण गवंतीचा टाका दोन्हीकडून सारखाच दिसायला हवा, यात तुझा अपमान कसला. केवढ्या मोठेपणाने बोलले होते!

आणि मागची बाजू काय फुकट होते? जाताना एक टाका सोडून एक, परतताना राहिलेल्या जागा भरायच्या. छापा नाही, कार्बन नाही, नुसते कापडाचे धागे मोजायचे. कुठून वळायचं ते आधी डोक्यात मांडलं नसेल तर मधेच कोंडी होते आणि मागे लांब दोरा लोंबतो. पालखीचे गोंडे या बाबतीत महाद्वाड. डावीकडचा गोंडा समोरून ठीक होता, तरी मी उसवला. मागून आवडला नाही म्हणून. म्हणजे कोणासाठी उसवला? याच बायकांसाठी ना?

विश्वास म्हणावा, तर वहिनींनी विश्वास कधी माईंवरही ठेवला नव्हता. आणि माई म्हणजे काळ्या चंद्रकळेवर भरणाऱ्या, मोतीबिंदूच्या आधी. मग राहिली दया. इतक्या दिवसांनी आली आहे, कशाला आता तिला. असं कोणी म्हणालं नाही. पण ताईने माझी बशी उचलून नेली. ताई कोणाची बशी उचलत नाही. आणि घरचं कोणीच काही विचारलं नाही, जणू येण्याआधी सगळ्यांचं ठरलं होतं. असो, तो विषय नको.

नंतर वाद नेहमीचाच. इरकलीवर भरताना जाळी लावायची, की धागे थेट मोजायचे. बँकवाली म्हणे, एवढ्या दाट विणीवर मोजत बसलं तर दिवाळीपर्यंत पदर होत नाही. जाळी टाचायची, भरायचं आणि जाळीचे धागे ओढून काढायचे. (तिचं सगळंच हिशोबात. दोऱ्याच्या लड्या नंबरवार, कोणाला काय उसनं दिलं त्याची वही. काळा मागितला की विचारते, अँकरचा 403 की डीएमसीचा 310? काळा तो काळा, बाई!) मी म्हटलं, जाळीचे धागे ओढताना टाके सैल होतात. वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

बरोबर आहे तुझं! वहिनी! माझं काहीही बरोबर आहे असं त्या आजवर म्हणालेल्या नाहीत. तिथेच माझा घास अडकला.

घरी येऊन दिव्याखाली स्वतःच उलटून पाहिला चौकोन. बराच वेळ पाहिला, वहिनींच्या नजरेने पाहिला. दोऱ्याचं एक शेपूट सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही, आणि ते शेपूटही वहिनींनाच सापडलं असतं. मग हसूच आलं. चार बायकांनी खोड काढली नाही म्हणून इथे जेवण गोड लागत नाहीये.

आणि माईंचं काम मी तरी हल्ली कुठे उलटते? मोतीबिंदूनंतर मीही सुलट बघते, 'सुरेख' म्हणते आणि पुढे देते. माईंना कळत असणारच. त्या काही रोजनिशी लिहीत बसत नसाव्यात.

शेवटी राहवलं नाही. ग्रुपवर दोन फोटो टाकले, एक समोरून, एक मागून. खाली काही लिहिलं नाही. समजायचं त्यांनी समजावं.

पहिला अंगठा माईंचा. मग बँकवालीचा आणि मागोमाग तिचाच मेसेज: "एकच फोटो दोनदा आलाय गं, एक डिलीट कर."

वहिनी ऑनलाइन दिसताहेत. अजून काही लिहिलेलं नाही. मी काहीही डिलीट करणार नाहीये.