रोजचे दोन ग्रॅम

बर्लिन, ८ जानेवारी, गुरुवार

दहाव्या थेंबालाच नळीतलं निळं पाणी पिवळं झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या प्रवाळांच्या खाऱ्या टँकची क्षारता, म्हणजे प्रवाळ ज्यातून हाड बांधतं तो पाण्यातला कार्बोनेटचा साठा, मी अशी थेंबांनी मोजते. दहा मिलिलिटर पाणी घेते, म्हणजे एक थेंब अर्धा अंश. दहा थेंब म्हणजे ५. मालवणला निघाले त्या सकाळी सोळा थेंब लागले होते, ८ अंश पुरेपूर.

बॅगा अजून दारातच आहेत. टँकखालचं कपाट उघडलं तर चुन्याच्या निवळीची नळी जोडापाशी सुटलेली, आणि खालच्या फळीवर पांढरा पापुद्रा वाळून बसलेला. पंप रोज रात्री नेमाने फिरत होता, पण निवळी टँकमध्ये न जाता लाकडावर सांडत होती. शेजारच्या आजींनी मासे सांभाळले, आटलेलं पाणी न चुकता भरलं. कपाटात डोकावायला मी त्यांना सांगितलंच नव्हतं. टँक रोज साधारण अर्धा अंश खातो, म्हणजे नळी सुटून सहा-सात दिवस झाले असावेत. कॅल्शियम मोजलं, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम भरलं. एरवी ४२० असतं. हिशोब जुळतो.

११ जानेवारी, रविवार

गुरुवारी रात्री मी चूक केली. ती इथे लिहून ठेवते.

टँक २४० लिटरचा. शंभर लिटरला एक अंश चढवायला तीन ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे मला तीन अंशांसाठी साधारण साडेएकवीस ग्रॅम. मोजून घेतला, कोमट पाण्यात विरघळवला आणि दोन तासांत सगळा ओतला. माप अचूक होतं. घाई चुकली. आज सकाळी माझ्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाची, म्हणजे हिरव्या अ‍ॅक्रोपोराची सात टोकं पांढरी पडली आहेत, अगदी चटका बसल्यासारखी. भिंग लावून पाहिलं. टोकावरची कातडी गेली आहे आणि आतलं खडबडीत हाड उघडं पडलंय. खालच्या फांद्यांवर पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, उघडलेले आहेत, तेवढाच धीर.

सहा-सात दिवसांत उतरलेलं परत चढवायलाही तेवढे दिवस द्यायला हवे होते. रोजच्या खर्चाचा अर्धा अंश, आणि वर आणखी अर्धा. मला हे माहीत होतं. पण प्रवासाचा शीण, जिवाची घालमेल आणि समोर ५ चा आकडा! आकडा बरोबर झाला की जीवही बरा होईल, असं त्या रात्री वाटलं. कोरलला ८ च हवं असं काही नाही. खऱ्या समुद्रात ७ च्या आसपासच असतं. त्याला हवं ते कालच्यासारखं आज आणि आजच्यासारखं उद्या.

हे कलम मी तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका टँकवाल्याकडून आणलं होतं, करंगळीच्या पेराएवढं. आता माझ्या ओंजळीत मावत नाही.

१४ जानेवारी

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "निवळी वरचीवर काढतेस ना? तळ ढवळू नको गो."

कपाटातल्या डब्यात आहे ती चुन्याची निवळीच. आमच्याकडे आजी कोहळ्याच्या पेठ्यासाठी करायची तीच. चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर ठेवायचा, गाळ बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात, शब्दशः चुन्याचं पाणी. १९७० च्या दशकात पेटर विल्कन्स यांनी रीफ टँकसाठी ती रुळवली, आणि ज्या अंशांत मी मोजते तेही जर्मनच. आजीचा चुना शिंपल्यांच्या भट्टीतला असायचा, माझा शुद्ध प्रतीचा, डबाबंद. पण वर धरणारी साय तीच. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की निवळीवर काचेसारखा पातळ पापुद्रा येतो आणि तेवढी तिची ताकद कमी होते. म्हणून झाकण घट्ट हवं. हातमोजेही हवेतच, कारण निवळीचा पीएच १२.४ च्या घरात जातो. याच कारणाने ती टँकमध्ये थेंबाथेंबानेच सोडायची.

इथे बहुतेक जण बालिंगच्या पद्धतीने कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा वेगवेगळ्या बाटल्यांतून देतात. भरगच्च टँकला ते लागतंच. माझं मन मात्र निवळीवर आहे. प्रवाळ हाड बांधताना ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि क्षारता घेतं, त्याच प्रमाणात निवळी ती परत देते. एक वाढलं नि दुसरं मागे राहिलं असं होत नाही.

१८ जानेवारी

आज कागद-पेन्सिल घेऊन बसले. दिवसाला अर्धा अंश म्हणजे लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. २४० लिटरला दोन ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे माझ्या बैठकीच्या खोलीत रोज दोन ग्रॅम हाड तयार होतं! तेवढं भरून काढायला पुरी मुरलेली निवळी लागते एक लिटर. इतकी वर्षं मी पाणी "उतरलं" म्हणत आले. ते उतरत नाही, पाण्यातून निघून फांदीत जातं.

याच गणितात आणखी एक गोष्ट आहे, ती नव्याने टँक ठेवणाऱ्याला मी आधी सांगेन. अर्धा अंश क्षारता गेली की कॅल्शियम फक्त साडेतीन-चार मिलिग्रॅमने कमी होतं. ४२० मधले चार गेले तर घरगुती किटवर दिसतसुद्धा नाहीत. ८ मधला अर्धा मात्र लगेच दिसतो. म्हणून क्षारता रोज मोजायची, कॅल्शियम आठवड्याने. मॅग्नेशियम महिन्याने पाहिलं तरी चालतं, पण ते १३०० च्या आसपास हवंच. नाहीतर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरतात आणि हीटरवर पांढरं किटण चढतं.

२७ जानेवारी

बाहेर उणे सहा. खिडक्या बंद, घरात चार पाहुणे, पीएच ७.८ वर आला. इथले लोक कडाक्याच्या थंडीतही दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडतात. पहिल्या वर्षी मला ते पटायचं नाही, आता टँकसाठी मीच उघडते. घरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की पीएच तासाभरात चढतो. निवळी रात्री सोडण्याचं कारणही हेच. दिवे मालवले की कोरलमधली शेवाळं कार्बन डायऑक्साइड घ्यायची थांबतात आणि पीएच घसरतो. निवळी तो सावरून धरते.

९ फेब्रुवारी

आईने विचारलं, असा टँक तू इथे मालवणला का नाही ठेवत? तिला सांगितलं, भारतात सगळी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. आणि ते योग्यच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. किनाऱ्यावर सापडलेला पांढरा, भोकाभोकांचा दगड आम्ही टाचा घासायला घ्यायचो. या वेळी तसाच एक तुकडा दिसला. हातात घेऊन पाहिला आणि वाळूत परत ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

सोळा थेंब. सलग अकरावा दिवस.

नळीचा जोड बदलला, वर पट्टी आवळली. भाजलेल्या सातांपैकी चार टोकांवर कडेने कातडी सरकत वर आली आहे, कोवळी, जवळजवळ पारदर्शक. पाचव्या टोकाच्या बाजूला फिकट, ज्वारीच्या दाण्याएवढा नवा कोंब फुटलाय. उरलेल्या दोन टोकांवर शेवाळ धरलं, ती उद्या कात्रीने छाटीन. निवळी आत्ताच कालवून ठेवली आहे. गाळ बसतोय.