लोड बेअरिंग भिंत काढायचा खर्च नक्की कशाकशाचा असतो

आम्ही किचन आणि हॉलच्या मधली भिंत काढून घेतली त्याला आता बराच काळ झाला, पण अजूनही कुणी घरी आलं की पहिला प्रश्न हाच, किती खर्च आला? मी आकडा सांगत नाही, कारण त्या आकड्याचा दुसऱ्याला काही उपयोग नाही. तुमची भिंत वेगळी, तिच्यावर काय बसलंय ते वेगळं, तिच्या खाली काय आहे ते वेगळं. पण पैसे कुठे कुठे जातात हे मात्र मला आता नीट माहितीये आणि ते कुठल्याही घराला लागू पडतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. भिंत तोडायला फारसे पैसे लागत नाहीत. एक ब्रेकर, दोन-तीन माणसं, की झालं. पैसे लागतात ते ती भिंत जे वजन पेलत होती (लोड बेअरिंग म्हणजे तेच) त्या वजनाची दुसरी सोय करायला, म्हणजे उघडलेल्या जागेच्या वर आडवा बीम टाकून त्याची टोकं नीट टेकवायला. त्यामुळे ज्या कोटेशनमधे नुसतं "भिंत तोडणे, मलबा उचलणे, प्लास्टर करणे" एवढंच आहे त्यात मुख्य काम धरलेलंच नाही असं समजा. आमच्याकडे असं एक कोटेशन आलं होतं, बाकीच्यांपेक्षा खूपच स्वस्त, आणि तो माणूस अगदी ठामपणे म्हणत होता, "ताई, अशा कितीतरी भिंती पाडल्यात मी, काही होत नाही."

हे "काही होत नाही" फार धोकादायक आहे कारण बरेचदा सुरुवातीला खरंच काही होत नाही! एक जड कपाट चौघांनी उचललंय आणि दोघांनी हात काढले तर कपाट लगेच पडत नाही, उरलेले दोघं दात-ओठ खाऊन धरून ठेवतात, तसंच इमारतीचं होतं. वरच्या वीटकामात आपोआप कमान तयार होते आणि वजन दोन्ही बाजूंना सरकतं, शेजारची साधी पार्टिशनची भिंत, जी कधीच वजन घ्यायला बांधलेली नव्हती, ती पण थोडं घेते, स्लॅब थोडा वाकतो. मग काही महिन्यांनी दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, वरच्या मजल्यावरचं दार चौकटीत अडकायला लागतं, टाईल उचकटते. सोलमधलं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर आठवतंय का? तिथे एस्कलेटरसाठी कॉलम काढले होते, उरलेले कॉलम डिझाईनपेक्षा बारीक केले होते, वर एक मजला वाढवला होता, आणि तरीही ती इमारत काही वर्षं उभी होती, दुकानं चालू होती. 29 जून 1995 ला ती कोसळली आणि 502 माणसं गेली. ती घरापेक्षा कितीतरी मोठी इमारत होती हे कबूल, पण "इतके दिवस काही झालं नाही" याला किती अर्थ असतो ते यातून कळतं.

त्यामुळे पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, आणि तो कॉन्ट्रॅक्टर ठरवायच्या आधी. कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतला नको, तुम्ही स्वतः शोधलेला, तुम्ही स्वतः फी दिलेला. भिंत लोड बेअरिंग आहे की नुसतं पार्टिशन हे तो येऊन बघतो. नऊ इंचाची भिंत म्हणजे लोड बेअरिंग आणि साडेचार इंचाची म्हणजे पार्टिशन हा नियम सगळीकडे चालत नाही, आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या बीम-कॉलमच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत बाहेरच्या नऊ इंची भिंती नुसत्या भरलेल्या असतात आणि काही जुन्या घरांत साडेचार इंचाच्या भिंतीवरही छताचा भार टेकवलेला सापडतो. आमच्या इंजिनिअरने आधी वरच्या मजल्यावर जाऊन बघितलं की याच रेषेत वर भिंत आहे का (होती), मग छताला लागून हातभर लांबीचं प्लास्टर छन्नीने काढायला लावलं. आत बीम दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे विटांचा शेवटचा थर होता आणि त्यावर थेट स्लॅब टेकलेला, मधे बोटभर पण फट नाही. टॉर्च लावून त्यांनी ते आम्हाला दाखवलं आणि म्हणाले, "हे बघा, हिच्यावरच बसलाय." एवढ्या हातभर प्लास्टरवर आमचं सगळं बजेट बदललं.

आता वजन किती ते बघा, म्हणजे बीमला पैसे का लागतात ते कळेल. समजा 4 मीटर रुंद भिंत काढायची आहे आणि दोन्हीकडच्या खोल्या साडेतीन-साडेतीन मीटरच्या आहेत. दोन्हीकडचा निम्मा निम्मा स्लॅब या भिंतीवर येतो, म्हणजे 14 चौरस मीटर. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण 310 किलो, फरशी-प्लास्टरचे 100 धरा, आणि माणसं-सामान यासाठी घरात 200 धरतात. झाले साडेआठ टन. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत 3 मीटर उंचीची नऊ इंची भिंत असेल तर तिचे अजून पाच टन. आणि त्या वरच्या भिंतीवर परत गच्चीचा स्लॅब बसलेला असेल तर त्याचे वेगळे. हा सगळा भार आतापर्यंत 4 मीटर लांबीत सारखा पसरून खाली जात होता, आता तो फक्त दोन टोकांवर येणार.

कॉन्ट्रॅक्टर रनिंग फुटाचा भाव सांगतात ना, तिथे एक मोठी गफलत आहे. रुंदी वाढली की खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याच्यापेक्षा खूप जोरात वाढतो. 3 मीटरच्या ऐवजी 4 मीटर उघडलंत तर रुंदी फक्त एक तृतीयांशाने वाढली, पण बीमवरचा वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि बीम किती वाकेल ते लांबीच्या चौथ्या घाताने, म्हणजे तिपटीहून जास्त. बीम तुटू नये एवढंच पुरेसं नसतं, तो साधारण लांबीच्या 360 व्या भागापेक्षा जास्त वाकता कामा नये (4 मीटरला 11 मिलिमीटर), नाहीतर वरच्या भिंतीला भेगा पडतात. म्हणून लांब बीम नुसता लांब नसतो, तो खोलपण लागतो, जड लागतो, आणि दीडशे-दोनशे किलोचा गर्डर (स्टीलचा बीम) जिन्यातून वर चढवायला माणसं किंवा क्रेन हा परत वेगळा खर्च. काही वेळा तो दोन तुकड्यांत आणून जागेवर बोल्टने जोडतात, ते डिझाईनमधे आधीच असावं लागतं.

माझं स्पष्ट मत सांगते, अख्खी भिंत काढायचा हट्ट धरू नका. दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट भिंत ठेवली तरी जागा मोकळीच वाटते, बीम छोटा होतो, आणि मुख्य म्हणजे त्याची टोकं टेकवायला जागा मिळते. आम्ही हेच केलं. पूर्ण भिंत काढली की टोकांना नवीन कॉलम लागतात, कॉलमला खाली पाया लागतो, आणि पाया म्हणजे फरशी फोडून खोदकाम. शिवाय भिंत नुसतं वरचं वजनच पेलत नाही, भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा ती अडवायचं कामही त्याच भिंती करतात. सगळ्यात खालच्या मजल्यावरची सलग भिंत अख्खी काढून टाकली तर तो मजला बाकीच्यांपेक्षा लेचापेचा होतो. तिथे मग नुसता बीम पुरत नाही, खाली-वर-बाजूला असा पूर्ण चौकटीचा फ्रेम घालावा लागतो आणि खर्चाचं गणितच बदलतं.

टोकांचा विषय कोटेशनमधे हमखास गाळलेला असतो म्हणून जरा थांबून सांगते. वरच्या उदाहरणातले साडेआठ आणि पाच मिळून जवळजवळ 14 टन, त्यातले 7 टन एका टोकाला. गर्डर नऊ इंची भिंतीत सहा इंच आत टेकवला तर दर चौरस सेंटिमीटरवर 20 किलो येतात, साध्या वीटकामाला ते झेपत नाही, विटा चुरडतात. त्याच जागी 60 सेंटिमीटर लांबीचा काँक्रीटचा ठोकळा घातला, बेड ब्लॉक म्हणतात त्याला, की तेच वजन पसरून 5 किलोवर येतं. एवढासा ठोकळा, पण तो आहे की नाही यावर सगळं अवलंबून. तुम्ही खालच्या मजल्यावर नसाल तर त्या ठोकळ्याच्या बरोब्बर खाली खालच्यांच्या घरात काय आहे हेही बघावं लागतं, तिथे नेमकी खिडकी असेल तर काय करणार?

मग टेकू. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथेच लोक पैसे वाचवायला जातात. भिंतीला हात लावायच्या आधी छताच्या जरा खाली ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडतात, त्यातून आडवे छोटे गर्डर घालतात आणि त्या प्रत्येकाच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी जॅक. शिवाय दोन्हीकडे स्लॅबखाली जॅकची एकेक रांग. जॅकखाली जाड फळी पाहिजे, नाहीतर एवढं वजन फरशीवर एका वितीच्या पत्र्यावर येतं. आणि त्या फरशीखाली परत दुसऱ्या कोणाचं छत असेल तर तिथेही टेकू, म्हणजे खालच्यांना विचारणं, त्यांचं सामान हलवणं. जॅक आवळताना आमचा मिस्त्री नुसता कान देऊन होता, हातोडीने हलकेच वाजवून बघायचा, ढब ढब आवाज आला की अजून थोडा आवळायचा, टणक आवाज आला की तिथेच थांबायचा. जास्त आवळला तर स्लॅब वर उचलला जाऊन भेग पडते म्हणे.

भिंत वरून खाली, थराथराने उतरवली. गर्डर चढवल्यावर तो आणि वरचं वीटकाम यात जी फट राहते तिच्यात पोलादी पट्ट्या ठोकून नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा सिमेंटचा मसाला) ठासून भरतात, साधं सिमेंट भरलं तर ते सुकताना आकसतं, फट राहते, आणि जॅक काढल्यावर वरचं सगळं त्या फटीएवढं खाली बसतं. जॅकसुद्धा एकदम काढत नाहीत, सगळे थोडे थोडे सैल करत जातात, आणि मधे मधे थांबून दोरी लावून बीम किती वाकला ते मोजतात.

स्टील की आरसीसी? स्टीलचा माल महाग पडतो पण काम लवकर उरकतं. आरसीसी बीम मालात स्वस्त, पण शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आलं, क्युरिंग (पाणी मारून पक्कं होऊ देणं) आलं, सात दिवसांत काँक्रीटला पूर्ण ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशच ताकद येते, त्यामुळे टेकू निदान दोन आठवडे हलवत नाहीत, तोवर जॅकचं भाडं चालू आणि घरही तसंच उघडं. आणि जुन्या छताखाली काँक्रीट वरून ओतायला जागाच नसते, ते नीट भरणं कठीण. स्टील घेतलंत तर गंज न लागू देणारा प्रायमर आणि आगीपासून संरक्षण दोन्ही धरा. पोलाद साधारण 600 अंशांपर्यंत तापलं की ताकद निम्म्यावर येते, म्हणून त्याला जाळी मारून प्लास्टर किंवा फायर बोर्ड लागतो, नुसत्या पीओपीच्या डिझाईनमधे लपवून भागत नाही.

मलब्याचं पण सांगायला हवं. 4 बाय 3 मीटरच्या नऊ इंची भिंतीचा मलबा पाच टनांच्या वर जातो, आणि फुटलेल्या विटा जास्त जागा खातात. तो खोलीत एका कोपऱ्यात रचत गेलात तर फूटभर उंचीलाच त्या स्लॅबवर धरलेल्या 200 किलोच्या जवळजवळ दुप्पट भार होतो, आणि तेही छत टेकूवर असताना. रोजच्या रोज खाली उतरवायचा, त्याच्या मजुरीचे पैसे आधीच ठरवा.

बाकी किरकोळ वाटणारे पण जमून मोठे होणारे खर्च म्हणजे भिंतीतलं वायरिंग, पाण्याची लाईन (सांडपाण्याचा उभा पाईप असेल तर तो हलवणं फारच अवघड), आणि फरशी. भिंतीखाली फरशी नसतेच, नऊ इंचाचा पट्टा रिकामा निघतो, दोन खोल्यांच्या लेव्हलमधे थोडा फरक निघतो, जुन्या टाईल मिळत नाहीत, आणि मग दोन्ही खोल्यांची फरशी बदलायचा विषय निघतो. आम्ही तिथे वेगळ्या रंगाच्या दगडाचा पट्टा टाकला, छान दिसतो.

परवानगी, खालच्या-वरच्यांची लेखी संमती, इन्शुरन्स असेल तर त्यांना कळवणं, हे तुमच्याकडे जे नियम असतील तसं करा पण काम सुरू व्हायच्या आधी करा, अर्धी भिंत उघडी असताना काम थांबलं तर जॅकचं भाडं तुमच्याच डोक्यावर.

कोटेशन मागवताना आधी इंजिनिअरचं ड्रॉइंग हातात घ्या आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्टरना तेच एक ड्रॉइंग द्या, म्हणजे निदान सगळे एकाच कामाचा भाव सांगतील. टेकू, बीम, बेड ब्लॉक, ग्राउट, मलबा, वायरिंग, फिनिशिंग, प्रत्येकाची वेगळी ओळ मागा. इंजिनिअरच्या साईट व्हिजिट फीमधे धरून घ्या, किमान टेकू लावल्यावर भिंत तोडायच्या आधी एकदा आणि ग्राउट भरल्यावर जॅक सैल करायच्या आधी एकदा, कारण नंतर प्लास्टर झालं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आम्ही प्लास्टरच्या आधी दोन्ही टोकांचे टेप लावून फोटो काढले आणि सही केलेल्या ड्रॉइंगबरोबर घराच्या कागदांत ठेवलेत, पुढे कधी घर विकायचं झालं तर घेणारा हेच आधी मागेल.