घरपट्टीचे फोटो

फोटोत एक माणूस पाटी धरून उभा आहे. पाटीवर ब्लॉकचा आकडा, त्याखाली लॉटचा, म्हणजे प्लॉटचा. माणसाचं तोंड अर्धं पाटीमागे गेलंय, टोपी तेवढी नीट दिसते. मागे पाच मजली विटांची इमारत, दर्शनी भिंतीवर लोखंडी जिने, तळमजल्याला वाण्याचं दुकान. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई दोन्ही कोपरं टेकून खाली बघतेय, हे काय चाललंय म्हणून.

हा फोटो फोनमध्ये घेऊन मी न्यूयॉर्कमध्ये एक अख्खा दिवस हिंडले.

लेकीकडे पाच आठवडे होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, फिलाडेल्फियाची ती तडा गेलेली घंटाही झाली. जावयांनी हौसेने सगळं दाखवलं आणि सगळं छान होतं. मला लिहायचंय ते फक्त एका बुधवाराबद्दल.

त्याची सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. मी नेहमीचं रडगाणं लावलं होतं की आपल्या गिरगावच्या चाळीचा एकही फोटो नाही. लेक म्हणाली, "आई, न्यूयॉर्कच्या जवळजवळ प्रत्येक इमारतीचा १९४० चा फोटो आहे. घरपट्टी ठरवायला काढले होते." मला आधी खरंच वाटेना. तिने लॅपटॉप उघडून दिला आणि ती झोपायला गेली. मी पहाटे तीनपर्यंत जागी होते.

हकीकत अशी. १९३९ ते १९४१ या काळात न्यूयॉर्क शहराच्या कर खात्याने पाचही विभागांतल्या इमारतींचे फोटो काढून घेतले. घराची किंमत नीट ठरावी आणि कर रास्त बसावा, एवढाच हेतू. मंदीत बेकार झालेल्यांना काम देणारी सरकारी योजना होती, डब्ल्यूपीए नावाची. त्या योजनेतली माणसं गल्लोगल्ली फिरली. एकाने पाटी धरायची, दुसऱ्याने कॅमेरा. असे सात लाखांहून जास्त फोटो झाले. गगनचुंबी इमारतींचे झाले आणि कोळशाच्या वखारींचेही झाले. न्हाव्याचं दुकान, लाँड्री, गॅरेज, शवपेट्या करणाऱ्याचं दुकान, कोपऱ्यावरचं गोळ्याबिस्किटांचं दुकान, कुणाला वगळलं नाही. २०१८ मध्ये शहराच्या अभिलेखागाराने हे सगळे फोटो इंटरनेटवर खुले केले. पत्ता टाकायचा की घर समोर.

कुणीही हे फोटो सुंदर दिसावेत म्हणून काढले नव्हते. काही तिरके आहेत, काहींत मधेच ट्रक आलाय. पण वाळत घातलेले कपडे आहेत, पायरीवर बसलेली पोरं आहेत, "खोली भाड्याने देणे आहे"च्या पाट्या आहेत. माणसं फोटोत आली ती चुकून, म्हणून ती जशी होती तशीच आली.

आमचं बरोबर उलट झालं. बारशाचे, मुंजीचे, गणपतीचे फोटो अल्बम भरून आहेत, आणि सगळ्यांत नुसती माणसं. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून फोटोच्या वेळी आई पाठीमागे चादर बांधायची. निळ्या फुलांची, लग्नात आलेली. त्या चादरीचे माझ्याकडे निदान चाळीस फोटो असतील. चादरीमागच्या चाळीचा एकही नाही.

नाही म्हणायला एक होता. २०१३ मध्ये पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा सर्वेक्षणाची माणसं आली. प्रत्येक भाडेकरूला खोलीच्या दारात उभं केलं, हातात पाटी दिली, पाटीवर खडूने खोलीचा नंबर लिहिला आणि फोटो काढला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. २३ नंबर. पुढल्या वर्षी चाळ पाडली. सुरुवातीला बिल्डरकडून भाड्याचे चेक आले, मग थांबले. बाबा २०१७ ला डोंबिवलीत, भाड्याच्या घरात वारले. दादाने तो फोटो मिळावा म्हणून माहितीच्या अधिकारात दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही. माझ्या वडिलांचा, आमच्या दारातला शेवटचा फोटो, आणि तो आढळून येत नाही. हे लिहितानाही हात थरथरतोय.

म्हणून बुधवारी एकटीच निघाले. लेक जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहते. तिथून पाथ नावाची गाडी नदीखालून थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरला नेते. स्टेशन पांढरंशुभ्र आहे, एखाद्या माशाच्या काट्यासारखं, आणि तिथे बसायला जागा म्हणून नाही. वर येऊन आधी त्याच जागेचे १९४० चे फोटो काढून बघितले. कॉर्टलँड स्ट्रीट. दुकानामागून दुकान, सगळी रेडिओची, फुटपाथवर मांडलेले व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर. या भागाला रेडिओ रो म्हणायचे. आमच्या लॅमिंग्टन रोडचा थोरला भाऊ म्हणा. १९६६ मध्ये तो पाडायला घेतला. त्या जागी आलेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर खरं तर मॅनहॅटनच्या पूर्व किनाऱ्याला व्हायचे होते. पण ते बांधणारी सरकारी संस्था, पोर्ट अथॉरिटी, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची मिळून, न्यू जर्सीची संमती हवी. मग न्यू जर्सीहून येणारी तोट्यातली रेल्वे अथॉरिटीने चालवायला घेतली आणि टॉवर त्या रेल्वेच्या तोंडाशी, पश्चिमेला आले. म्हणजे मी ज्या गाडीतून उतरले, तिच्यापायी ती दुकानं गेली. दुकानदार कोर्टात गेले होते. हरले.

तिथून चालत चेंबर्स स्ट्रीटला गेले. ३१ नंबरची ती कोर्टाची जुनी इमारत १९०७ ची आहे, आत संगमरवरी जिना, वर काचेचं छत. शहराचं अभिलेखागार इथेच आहे. माझं तिथे काही काम नव्हतं, फोटो तर घरबसल्या दिसतात. तरी मला ती जागा बघायची होती. दारात पर्स तपासली, आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीला मी सांगितलं की मी मुंबईहून आलेय आणि तुमचे घरपट्टीचे फोटो मला फार आवडले. ती हसली. म्हणाली, लोक इथे येतात, आजीच्या घराची छापील प्रत मागवतात आणि काउंटरवरच रडतात. मी तिला आमच्याकडच्या उत्तराबद्दल सांगणार होते. तोंडाशी आलेलं गिळलं. परक्या देशात आपल्या घरचं उणं काढायला जीभ उचलेना.

मग १ नंबरची सबवे पकडून ६६ व्या रस्त्यावर लिंकन सेंटरला उतरले. फोनमधली ती इमारत वेस्ट ६४ वर, कोलंबस आणि ॲमस्टरडॅम या दोन ॲव्हेन्यूंच्या मधे होती. मला वाटलं होतं इमारत नसेल. तिथे गेल्यावर कळलं की रस्ताच नाही. ६३ आणि ६४ हे दोन्ही रस्ते कोलंबसपर्यंत येतात आणि संपतात. पुढे पांढऱ्या दगडाचं भलंमोठं पटांगण, मधे कारंजं, तीन बाजूंना तीन सभागृहं. ऊन असं की पटांगणाकडे बघवेना.

कारंज्यापाशी एक गाइड पंधरा-वीस जणांना माहिती देत होता. त्याने ऑपेराचं वर्ष सांगितलं, झुंबरांबद्दल सांगितलं आणि म्हणाला, "त्याआधी इथे नुसती झोपडपट्टी होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात त्या वेळी ती खिडकीतली बाई होती. अंगाची लाही झाली. हेच शब्द मी आमच्या चाळीबद्दल ऐकलेत, बिल्डरच्या माणसाच्या तोंडून, आमच्याच गॅलरीत उभं राहून.

त्या वस्तीला नाव होतं, सान वान हिल. हार्लेमच्या आधी मॅनहॅटनमधली कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती ती. पुढे पोर्टो रिकोहून आलेली माणसंही इथे राहिली. जॅझमधला थोर पियानोवादक थेलोनियस मंक इथेच वाढला. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने "स्लम क्लिअरन्स"साठी केंद्राचा पैसा खुला केला आणि रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने तो पैसा इथे वळवला. सात हजारांवर कुटुंबं आणि सुमारे आठशे दुकानं-धंदे उठवले. १४ मे १९५९ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कुदळ मारली. संगीताची मला आवड आहे आणि अशी सभागृहं शहरात असावीत असंच मला वाटतं. पण तिथली माणसं कुठे जाणार हा प्रश्न कुदळ मारायच्या आधीचा आहे.

ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू ओलांडली. पलीकडे १९४८ च्या सुमाराच्या सरकारी वसाहतीच्या विटकरी इमारती आहेत, ॲमस्टरडॅम हाउसेस, आणि गर्द झाडं. दोन मिनिटांचं अंतर, पण सावली आणि बाकं सगळी या बाजूला. एका बाकावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई संत्रं सोलत बसल्या होत्या. मी पलीकडच्या टोकाला टेकले. त्यांनी न विचारता अर्धं संत्रं पुढे केलं. पाच आठवड्यांत मला घराबाहेर कुणी असं खायला दिलेलं हे पहिलंच.

त्यांना विचारलं, तुम्ही इथल्याच का? म्हणाल्या, "इथली नाही, तिथली." आणि मानेने लिंकन सेंटरकडे दाखवलं. दहा वर्षांच्या असताना त्यांचं घर गेलं. ब्राँक्सला राहिल्या, लग्न झालं, म्हातारपणी परत इथे आल्या. घरपट्टीच्या फोटोंबद्दल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पत्ता मात्र तोंडपाठ होता. मी तो टाकला, फोटो आला, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्या काहीच बोलल्या नाहीत. चश्मा काढला, पुसला, परत घातला. मी त्यांना दोन बोटांनी फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. मला वाटलं, त्या खिडकी शोधतील. त्या शोधत होत्या दाराबाहेरच्या पायऱ्या. एक, दोन, तीन मोजत तिसरीवर बोट ठेवलं.

"ही आमच्या वेळी फुटलेली होती. उजवा कोपरा. आई रोज ओरडायची, बघून उतर म्हणून." मग बराच वेळ त्या पायरीकडे बघत राहिल्या. "इथे धड आहे. मी जन्मायच्या आधी ही धड होती."

आम्ही पुढचा तासभर तिथेच होतो. कुठल्या मजल्यावर कोण राहायचं, कुणाकडे रेडिओ होता, कुणाचा कुत्रा, सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आता तुमचं घर दाखवा."

आणि मी अल्बम उघडायच्या आधीच थांबले. काय दाखवणार? चादर?

पर्समध्ये किराणाची पावती होती. तिच्या मागच्या बाजूला मी चाळ काढायला घेतली. लांब गॅलरी, लाकडी कठडा, एका ओळीत चौदा खोल्या, मधे जिना, जिन्याशी सामायिक नळ. टोकाला चार चौकोन काढले. त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, संडास. चौदा खोल्यांना चार.

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की समोरचं कबूतर उडालं. "आमचाही बाहेरच्या बोळात! दोन घरांत एक. आणि शेजारचा म्हातारा आत पेपर घेऊन जायचा!" आमच्याकडे पेपर घेऊन जाणारे काका होते, हे मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला.

"वडिलांची खोली कुठली?"

मी एका चौकोनात २३ लिहिलं. सवयीने मराठीत. त्यांनी ते अक्षर बोटाने गिरवून बघितलं, दोन आणि तीन. मग पावतीची नीट घडी करून त्यांनी ती आपल्या पाकिटात ठेवली. ती मला हवी होती. पण मागितली नाही.

संध्याकाळी लेकीच्या घरी पोचल्यावर तेच चित्र पुन्हा कोऱ्या कागदावर काढलं आणि दादाला पाठवलं. डोंबिवलीत तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले असतील. पाच मिनिटांत त्याचा आवाज आला, झोपेतलाच.

"अगं, नळ चुकलाय. जिन्याच्या डाव्या हाताला होता, तू उजवीकडे काढलायस. आणि चौदा नाही, पंधरा. जिन्याखालची गुरख्याची खोली विसरलीस. थांब, दिवा लावतो, मीच काढतो."