चाकात गेलेली टाच आणि पोटरीचा फ्लॅप

दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकात गेला की टाचेमागची कातडी सोलून लोंबत असते. साडीगार्ड डावीकडे, उजवी बाजू बऱ्याच गाड्यांवर उघडीच. ती कातडी ताणून जागेवर शिवून टाकावी असं वाटतं. आम्ही ते सोडलं. आऱ्यांनी कातडी चिरडलेली असते. पहिल्या दिवशी गुलाबी दिसणारी कड तिसऱ्या दिवशी काळी पडते. भूल देऊन भरपूर सलाइननं धुवायचं, उघड मेलेलं तेवढंच कापायचं, दोन-चार सैल टाके घालायचे आणि ४८ तासांनी परत बघायचं.

तेव्हा अ‍ॅकिलीस टेंडन (टाचेमागचा जाड स्नायूबंध) किंवा टाचेचं हाड उघडं असेल तर त्यावर नुसतं ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेली पातळ कातडी, धरत नाही. तिथं फ्लॅप लागतो, म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा राखून उचललेला कातडीचा तुकडा. आमची पहिली पसंती रिव्हर्स सुरल फ्लॅपला. पोटरीची कातडी, फॅशिया (कातडीखालचा चिवट पडदा), सुरल नर्व्ह (पोटरीमागची संवेदनेची नस) आणि शॉर्ट सॅफेनस व्हेन (तिच्यासोबतची शीर) एकत्र उचलून, खालच्या टोकाला जोडलेली ठेवून, खाली वळवायची. रक्त घोट्याच्या वरून, पेरोनियल आर्टरी या पायातल्या धमनीच्या बारीक फांद्यांतून येतं.

मोठ्या माणसात वळणाचा बिंदू बाहेरच्या घोट्याच्या साधारण ५ सेंमी वर धरतात. चार वर्षांच्या मुलाला हा आकडा जसाच्या तसा लावला तर फ्लॅप पोटरीच्या वरच्या तिसऱ्या भागात सरकतो आणि तिथला रक्तपुरवठा भरवशाचा नसतो. म्हणून हातातल्या डॉप्लरनं (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) फांदी शोधून तिथंच खूण करतो. त्या बिंदूवर गॉजची पट्टी धरून जखमेपर्यंत मोजायची, मग तीच पट्टी वर फिरवायची. मापात सगळीकडून १ सेंमी जास्त.

टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) लावण्याआधी पाय फक्त उंच धरतो, पट्टी गुंडाळून रक्त पिळून काढत नाही. नाहीतर शीर दिसतच नाही. देठ, म्हणजे फ्लॅपला रक्त आणणारा जोडलेला भाग, २ ते ३ सेंमी रुंद ठेवतो आणि फॅशिया कातडीला टाक्यांनी अडकवतो, म्हणजे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. देठ कातडीखालच्या बोगद्यातून ओढायचा नाही. मधली कातडी सरळ उघडायची, देठावर कातडीची पट्टी राखायची. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू द्यात. कातडीचे टाके विरघळणारेच घालतो. ते काढायला पुन्हा भूल नको.

हा फ्लॅप बहुतेक वेळा धमनीनं नाही, शिरेनं दगा देतो. पांढरा पडला तर रक्त पोचत नाहीये. जांभळा झाला आणि बोटानं दाबून सोडताच झटकन रंग भरला, तर रक्त परत जात नाहीये. आधी ड्रेसिंग सैल करा, देठावरचे एक-दोन टाके कापा, पाय उंच करा. फ्लॅपच्या टोकाशी शॉर्ट सॅफेनसमध्ये ऑपरेशनच्या वेळीच कॅन्युला (बारीक नळी) ठेवली असेल तर तिच्यातून थोडं रक्त सोडता येतं. मात्र लहान मुलात किती जातंय ते मोजूनच.

प्लास्टर मांडीपर्यंत, गुडघा किंचित वाकवून. गुडघ्याखालचं असलं तर मूल रात्रीत पाय झाडून ते सरकवतं. प्लास्टरला फ्लॅपवर खिडकी, टाच अधांतरी. आईच्या कडेवर बसलं की देठ नेमका तिच्या कमरेवर दाबला जातो, हे डिस्चार्जच्या दिवशी दाखवून सांगावं लागतं.

फ्लॅप जाड दिसतो, शाळेच्या बुटात मावत नाही. पातळ करायची घाई सहा महिने तरी नको. तोवर मागून मोकळी सँडल. टाचेला जाणीव कमी असते, फोड आला तरी मूल रडत नाही, म्हणून रोज रात्री मोजा काढून टाच बघायची.