फ्यूज टाकून येतो

रात्री पावणेअकराला तात्यांचा फोन आला. ताटावर बसलोच होतो.

"वायरमन, एक फेज गेलाय बघ. मोटार नुसती घुमतीया. कांदा माना टाकायला लागलाय, ये बाबा लगेच."

"येतो तात्या. फ्यूज तर टाकायचाय."

बायकोला म्हटलं, ताट झाकून ठेव, अर्ध्या तासात फ्यूज टाकून येतो. तिनं झाकलं. या वाक्याला ती आता काही उत्तर देत नाही.

जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या पाण्याखालच्या पट्ट्यात मी सोळा वर्षं वायरमन आहे. कागदावर 'तंत्रज्ञ', पण त्या नावानं मला फक्त पगाराची स्लिप ओळखते. फेब्रुवारी संपत आलेला, गव्हाला आणि कांद्याला पाणी हवंच, आणि त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून पंपांना येणाऱ्या लाइनला, थ्री फेज रात्रीची होती. अशा आठवड्यात माझा फोन उशाशीच असतो.

पहिली अडचण घरातच. हातमोजे, टेस्ट लॅम्प, फ्यूजची तार असलेली पिशवी मदतनीस पोराकडे राहिलेली. ठेकेदाराकडून आलेला पोरगा. पगार वेळेवर नाही, पण काम मनापासून करतो. फोन उचलेना. घरी गेलो तर आई म्हणाली, सप्त्यात गेलाय. मंडपात पोचलो, तर हा टाळकऱ्यांच्या रांगेत मधोमध, डोळे मिटून. मी मागून हातवारे करतोय आणि त्याला वाटतंय, मला टाळ हवेत. शेजारच्यानं खरोखर माझ्या हातात टाळ दिले. रंगात आलेल्या कीर्तनातून टाळकरी उठवणं आमच्या गावात शक्य नाही. साडेअकराला कीर्तन संपलं, तेव्हा दोघं गाडीवर बसलो.

डीपीकडची, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडची वाट उसातून. दिवसा कुणाच्या तरी वाफ्याचा बांध फुटून वाटेत चिखल झालेला, त्यात गाडी रुतली. ती तिथंच सोडून चालत निघालो. आमच्याकडं रात्री उसातून चालताना माणसं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून. पोरानं हरिपाठ लावला.

पुढं अंधारात शेळी ओरडली. वस्तीपासून एवढ्या लांब, एकटीच. बॅटरी मारली तर डीपीपासून दहा पावलांवर वनखात्याचा पिंजरा. मागच्या कप्प्यात जाळीआड शेळी, पुढं दार वर टांगलेलं. दोन दिवसांपूर्वी तिथून कुत्रं उचललं होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डीपीची आणि बिबट्याच्या पानाची जागा एकच होती.

तात्या हातात कोयता घेऊन आधीच उभे. "घाबरू नको, मी हाय की," म्हणाले, आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब. किटकॅट म्हणजे फ्यूजची तार बांधायची पकड. तीन किटकॅटच्या खालच्या बाजूला बल्ब लावून पाहिला. दोन फेज लख्ख. तिसऱ्यावरही बल्ब लागला, पिवळट, पण लागला. म्हणजे फेज आहे? मी तात्यांना म्हटलं, तुमचा स्टार्टर बघा आधी. ते चिडले. पाच मिनिटं आम्ही अंधारात भांडलो आणि शेळी मधूनमधून साथ देत होती. मग लांबून एका मोटारीचा आवाज कानावर आला. एक फेज गेलेला असताना मोटार चालतेय, म्हणजे कुणीतरी कंडेन्सर लावून दोन फेजवर फिरवतोय. अशी फिरणारी मोटार तिसऱ्या तारेत स्वतःच थोडी वीज उलटी ढकलते. मेलेला फेज त्यामुळं अर्धवट जिवंत दिसतो. नवखा वायरमन याच पिवळ्या उजेडाला फसतो. सोळा वर्षांचा जुनाही फसतो, हे त्या रात्री कळलं. तो शेतकरी कोण, हे आवाजाच्या दिशेवरून तिघांनाही कळलं होतं. तात्यांनी दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

तात्यांच्या विहिरीवर रेंज मिळते, तिथून त्याला फोन करून मोटार बंद करायला लावली. मग पेटीला हात लावण्याआधी वरची अकरा हजारांची लाइन तोडायची म्हणून एबी स्विचचा दांडा खाली ओढला. तिन्ही पाती उघडायला हवीत. बॅटरी मारली. दोन उघडली, तिसरं जागेवरच चिकटलेलं. दांडा खाली आलाय, म्हणजे लाइन बंद, असं धरून वर चढलेला एक जण आमच्यातून गेलाय. तेव्हापासून मी दांड्याकडे नाही, पात्यांकडे बघतो.

आता सबस्टेशनवरून फीडरच बंद करून कामाची परवानगी घ्यायची, म्हणजे परमिट. त्यासाठी पुन्हा फोन, आणि डीपीच्या आसपास फोनला रेंज फक्त तात्यांच्या विहिरीच्या थारोळ्यावर. ऑपरेटर म्हणाला, पुढच्या गावातला वायरमनपण परमिट मागतोय, तो जागेवर पोचला की दोघांना एकदमच देतो. थांबा. आम्ही थारोळ्यावर बसलो. पातं सोडवायला शिडी लागणार म्हणून पोराला तात्यांच्या गोठ्यातून शिडी आणायला पाठवलं.

साडेबाराच्या सुमाराला डीपीकडून धाडकन लोखंड आपटल्याचा आवाज आला. शेळीनं टाहो फोडला. पोरगा आणि शिडी धावत आले. आधी पोरगा, मग शिडी नाहीच, ती वाटेत टाकलेली. "गावला! गावला!" तात्या थरथरत ओरडले. दहा मिनिटं आम्ही तिघं थारोळ्यावर पाठीला पाठ लावून उभे. आतून गुरगुर नाही, धडका नाहीत. शेवटी कोयता पुढं धरून तात्या आणि बॅटरी धरून मी, असे गेलो. दार पडलेलं. आत कुणी नाही. शेळी जाळीआड शहाण्यासारखी चारा खात होती.

पोरगा हळूच म्हणाला, "शिडीचं टोक लागलं वाटतं."

दार पुन्हा वर कसं टांगतात ते कुणालाच माहीत नव्हतं. उचलायचा प्रयत्न केला, हलेना. "ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले, "सकाळी त्यांचे लोक बघतील."

परमिट मिळालं. लाइनमध्ये उरलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून डिस्चार्ज रॉड लावला, शिडीवर चढून पातं सोडवलं, किटकॅट उपसलं. तार वितळून गेलेली. नवी बांधली. काम खरंच दहा मिनिटांचं. रॉड काढला, सगळे बाजूला झाले, परमिट परत केलं, फीडर चालू झाला, स्विच लावला. एक, दोन, तीन. फट्. निळा जाळ, आणि पुन्हा अंधार.

ऑटोस्विच. आल्याबरोबर डोक्यात यायला हवं होतं. लाइट आली की स्टार्टर आपोआप ओढून घेतो आणि मोटार सुरू. या डीपीवर बारा मोटारी, बहुतेक पाच एचपीच्या. ट्रान्सफॉर्मर 63 केव्हीएचा, म्हणजे फेजला साधारण 84 अँपिअर. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते; बारा असल्या तरी कशीबशी ओढाताण करून भागतं. पण उठताना तीच मोटार पाच-सहा पट घेते. बारा एकदम उठल्या की पाचशे. फ्यूज दुसरं काय करणार?

वीज कंपनी दरवर्षी सांगते, ऑटोस्विच काढा. मीही सांगतो, तोंड वाजवून. पण रात्री एक वाजता, उसाच्या कडेनं, बिबट्याच्या वाटेनं विहिरीवर बटण दाबायला कोण जाणार? म्हणून ते ऑटो लावतात. ऑटोमुळं फ्यूज जातो. मग रात्री एक वाजता, उसाच्या कडेनं, बिबट्याच्या वाटेनं मी जातो.

बारा विहिरींवर जाऊन बारा ऑटो बंद करायचे होते. आणि पिंजरा तर आम्हीच बंद करून टाकला होता, रिकामा. हे लक्षात आल्यावर पोरानं हरिपाठाचा आवाज वाढवला.

फोनवर दोघं उठले. तीन ऑटो आम्ही चालत जाऊन बंद केले. सहाव्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीला कुलूप, मालक चाकणला रात्रपाळीत. त्यानं मशीनच्या खडखडाटात ओरडून सांगितलं, किल्ली म्हातारीकडं. म्हातारी वस्तीवर एकटी, कानानं कमी. दार ठोकलं, हाका मारल्या. तिला हाका ऐकू आल्या नाहीत, पण दार हलताना दिसलं असावं. आतून थाळी बडवायला सुरुवात झाली. आमच्याकडं रात्री थाळी वाजली तर अर्थ एकच. पाच मिनिटांत आसपासच्या चारही वस्त्यांवर दिवे-बॅटऱ्या लागल्या, फटाक्यांची माळ उडाली, काठ्या-कोयते घेऊन पंधरा-वीस माणसं धावत आली. आणि पुढं कोण, तर घाबरून दोन्ही हात वर केलेला वायरमन.

मला चोर समजून एकानं दंड धरला होता. ओळख पटल्यावर सगळे हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की डीपीवरचे जवळजवळ सगळे शेतकरी इथंच जमलेत. तासाभराचं काम आजीच्या थाळीनं दहा मिनिटांत केलं. जो तो आपापल्या विहिरीवर गेला, ऑटो पाडला. आजीनं किल्ली दिली आणि चहा ठेवला. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की बिबट्या आला होता आणि आम्ही त्याला हाकलला.

पुन्हा परमिट, पुन्हा तार, पुन्हा थारोळ्यावरून फोन. सव्वातीनला स्विच लावला. कुठंच आवाज नाही. बल्ब तिन्ही फेजवर सारखा लख्ख. मग मी पेटीजवळ उभा राहून एकेकाला हाळी देत होतो. "तात्या, लावा!" धक्का बसला, स्थिरावला. "मामा, आता तुम्ही!" असं करत अकरा मोटारी चढवल्या. बारावी चाकणवाल्याची, तिला आजीनं उद्या म्हणून सांगितलं. कंडेन्सरवाल्याला मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवला.

चिखलातून गाडी काढून घरी पोचायला पावणेपाच झाले. ताट झाकलेलं होतं. भाकरी वातड झाली होती, पिठलं मात्र गारही चांगलं लागलं.

आठच्या सुमाराला वनरक्षकाचा फोन आला. ओळखीचाच माणूस.

"रात्री तुमचं कुणी डीपीवर होतं का हो? पिंजरा पडलाय. आत काही नाही, शेळी ठीक आहे. पण भोवती ओल्या मातीत ठसे आहेत. दोन चकरा मारून, दारापाशी थांबून गेलाय."

"किती वाजता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते ठशावर लिहिलेलं नसतं, भाऊ. तुम्ही होता का?"

"होतो थोडा वेळ," मी म्हणालो. "फ्यूज टाकून आलो फक्त."