चार फूट बाय दोन फूट

१२ जून

सांगलीच्या विश्रामबागेत राहायला येऊन अठरा दिवस झाले. स्वयंपाकघर लागलं, देवघर लागलं, आईची कॉट खिडकीपाशी गेली, आणि आज मागची खोली माझ्या ताब्यात आली. १४ फूट बाय ११ फूट. भिंतीला टेकून मिरज उभं आहे, दोन तुकड्यांत, जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळलेलं.

मिरज म्हणजे माझ्या लेआउटवरचं, फळीवर बांधलेल्या मॉडेल रेल्वेवरचं, मिरज जंक्शन. एचओ स्केल, खऱ्याच्या ८७ वा भाग. काळ १९८० च्या आसपासचा, जेव्हा तिथं तिन्ही गेजच्या गाड्या लागायच्या. पुण्याकडून येणारी ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची छोटी गाडी. एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ. डिप्लोमाला पुण्यात असताना कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं आणि रेल्वेचा नाद लागला. पण बांधायचं ते मिरज, हे मात्र तेव्हाच ठरलं होतं.

खोलीत उभा राहून टेपनं मापं घेतली. खरा एक किलोमीटर म्हणजे आपल्या स्केलला साडेअकरा मीटर. ही खोली लांबीला सव्वाचार मीटर. म्हणजे अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. तरी गावभागातल्या जुन्या घरापेक्षा ही जागा कितीतरी मोठी आहे.

१३ जून

काल लिहायचं राहिलं ते आज लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

गावभागात लेआउट होता ८ बाय ४ च्या अख्ख्या प्लायवर. खोलीतच बांधला, खोलीतच वाढला. तो कधी दारातून बाहेर काढावा लागेल हे डोक्यात आलंच नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. इंजिनं आणि डबे ट्रंकेत घालून माडीवर नेले. मग लेआउट उचलायला गेलो तर तो जिन्याच्या वळणावर अडकला. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. पाणी उंबऱ्याला लागलं होतं, आई बाहेर उभी होती. खाली ठेवला आणि निघालो.

परत आलो तेव्हा डोंगराचं प्लॅस्टर गाळात गेलं होतं आणि प्लायचे पापुद्रे सुटले होते. रूळ तेवढे वाचले. निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर आहे, पण चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याला गंज धरत नाही. गाळातून एकेक फूट रूळ काढला आणि दात घासायच्या ब्रशनं धुतला.

आणि मग मी पुन्हा ८ बाय ४ चाच बांधला. का, ते आज नीट सांगता येत नाही. पूर्वी जसं होतं तसंच हवं होतं, एवढंच. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा तोच लेआउट मी आणि शेजारचे दोघे मिळून माडीच्या तुळयांना दोरांनी टांगून गेलो. परत येईपर्यंत प्रत्येक रात्री मला ते दोर दिसायचे.

१५ जून

मे महिन्यात, ट्रक यायच्या तीन दिवस आधी, तो कापला. आधी पेन्सिलीनं रेघा मारल्या. पॉइंटवरून, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेवरून, करवत जाता कामा नये. पॉइंटचं जिभेसारखं पातं आणि क्रॉसिंग एकदा दुखावलं की ते पुन्हा जुळत नाही. मागचा दोन फुटांचा भाग सोडायचं ठरवलं. भिंतीला लागून ठेवलेल्या चार फूट खोल फळीच्या टोकापर्यंत हात पोचतच नाही, आणि मागं गाडी घसरली तर ती काढायला डोंगरावर रेलावं लागतं. म्हणजे गोल फिरणारा मार्ग गेला. उरलं ते पुढचं यार्ड आणि स्टेशन, ८ बाय २. त्याचे मधोमध दोन तुकडे, आणि मधोमध म्हणजे बरोबर प्लॅटफॉर्मवर.

रूळ आधी बारीक डिस्कनं कापले, प्लाय नंतर. प्लॅटफॉर्मवरून करवत जाताना मी तोंड दुसरीकडे केलं होतं आणि करवत रेवानं धरली होती. नववीतल्या मुलीचा हात एवढा सरळ चालेल असं वाटलं नव्हतं. काप आजही पाहिला. दोन मिलिमीटरचासुद्धा वाक नाही.

१९ जून

नवा आराखडा ठरला. लांब भिंतीला मिरजेचे दोन तुकडे, मग कोपऱ्याचा तुकडा, आणि आखूड भिंतीला दोन नव्या फळ्या. कोपऱ्याचा सोडला तर सगळ्या ४ बाय २. त्या दोन नव्या फळ्यांवर फक्त छोटी लाईन जाणार, मिरजेतून निघून आरग, सलगरे करत कवठे महांकाळपर्यंत. म्हणजे स्टेशनं दोनच, मधला माळ आपण कल्पनेनं भरायचा.

छोटी लाईन म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू केलेली, अडीच फूट रुंदीची. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हे त्याचं सूत्र होतं, म्हणजे हलक्या रुळावरही भरपूर माल नेता येतो. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली आणि १९२७ ला मिरजेला. आईचं माहेर कवठे महांकाळचं. लग्नाआधी आणि नंतरही तिचा सगळा प्रवास या गाडीनं.

बायको, अनघा, म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावर कुठली कृष्णा येतीय आता? भिंतीला ब्रॅकेट ठोक आणि एकच लांब फळी टाक. पाच तुकड्यांचा उपद्व्याप कशाला?” तिचं म्हणणं रास्त आहे. एकसंध फळीवर रूळ जास्त चांगले बसतात, तारा कमी लागतात, सांधे नाहीत म्हणजे घसरण नाही. मी एवढंच म्हणालो की दोन माणसांना उचलता येईल अशीच बांधणार. दोन माणसं म्हणजे मी आणि रेवा.

२२ जून

आज फक्त मापांचा दिवस. एचओ मध्ये खऱ्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर म्हणजे १९.३ व्हायला हवेत, पण तयार मिळणारा रूळ १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ च्या गेजचा. ही तडजोड मी पहिल्या दिवसापासून मान्य केलेली आहे. मीटरगेजचे साडेअकरा येतात, रूळ १२ चा मिळतो. पण छोट्या लाईनचे ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, आणि एन स्केलचा, म्हणजे एचओपेक्षा लहान मापाचा, रूळ असतो ९ चा! तिन्ही गेजमध्ये सगळ्यात कमी खोट हिच्यात. म्हणून छोट्या गाडीचं इंजिन एन स्केलच्या चॅसिसवर मी स्वतः पत्र्याचं बांधलंय, आणि डबे पुठ्ठ्याचे.

२९ जून

गेले तीन दिवस कंपनीतून आलो की एकच काम. यार्डातला जुना रूळ कोड १०० चा, नवा आणलेला कोड ८३ चा. हे आकडे रुळाच्या उंचीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. जुना २.५४ मिलिमीटर, नवा २.११. फरक ०.४३. हाताला लागतसुद्धा नाही. पण ८७ नं गुणलं की खऱ्या रुळावर जवळपास पावणेचार सेंटिमीटरची पायरी होते. अशा पायरीवरून कुठलीही गाडी सरळ जाणार नाही. नव्या रुळाखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली, फिशप्लेटचं, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचं, अर्धं टोक चिमट्यानं चपटं केलं, नवा रूळ त्यावर बसवून डाखून घेतला. मग बोट फिरवलं. मग नख. नख अडलं तिथं बारीक कानस. चार जोड झाले, दोन राहिले.

दुसरं म्हणजे फिशप्लेटवर विजेचा भरवसा ठेवायचा नाही. जुन्या घरात गाडी लांबच्या टोकाला गेली की मंद व्हायची, ते याचमुळं. या वेळी फळ्यांच्या खालून अडीच स्क्वेअरची घरगुती वायर मुख्य लाईन म्हणून नेली, आणि प्रत्येक फूट-दीड फुटावर बारीक तार वर काढून रुळाला डाखली. फळ्यांमधे प्लग. कंटाळवाणं काम. रेवानं अर्धं केलं.

३ जुलै

आज सांधे. या लेआउटचा जीव इथं आहे म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

दोन फळ्या परत परत वेगळ्या करून परत परत तंतोतंत जुळायला हव्यात. नुसत्या नट-बोल्टनं ते होत नाही. बोल्टच्या भोकात नेहमी थोडी ढिलाई असते आणि रूळ अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी छोट्या गाडीचं चाक पडतं. कुपवाडच्या आमच्या टूलरूममध्ये डायचे दोन भाग जसे जुळवतात तसंच केलं. ८ मिलिमीटरच्या डॉवेल पिना एका फळीत, पितळी बुश दुसऱ्या फळीत, दोन्हीची भोकं फळ्या एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी पाडलेली. बोल्टचं काम फक्त धरून ठेवायचं, जागा ठरवायचं काम पिनांचं.

आणि रूळ. इथं घाई केली की संपलं. आधी दोन्ही फळ्या पक्क्या जोडायच्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, काठापासून अर्ध्या इंचावर, पितळी स्क्रू घालायचे, डोकी रुळाच्या तळाला लागतील इतके वर. मग रूळ सांध्यावरून सलग टाकायचा, जणू सांधा नाहीच. चारही स्क्रूंना डाखायचा. गार झाला की बारीक डिस्कनं बरोबर सांध्यावर कापायचा. सलग टाकलेला रूळ कापला तर दोन्ही टोकं एकमेकांसमोरच राहतात. दोन वेगळे तुकडे समोरासमोर आणून बसवायला गेलं तर जन्मभर जुळत नाहीत.

चार सांधे, प्रत्येक सांध्यावर कुठं दोन रूळ, कुठं सहा. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरच्या सांध्यावर सगळ्यात जास्त. तिथले जुने, मे महिन्यात कापलेले रूळ दोन-दोन इंच उपटून टाकले आणि नव्यानं सलग टाकून पुन्हा कापले.

रात्री अकराला मी आणि रेवानं तिसरी फळी सोडवली, दारातून बाहेर काढली, जिना उतरून खाली पार्किंगपर्यंत नेली, परत आणली, जोडली. वळणावर अडकली नाही. डबा ढकलून पाहिला. आवाज फक्त टक् एवढाच.

आषाढी एकादशी

आज छोटी गाडी कवठे महांकाळपर्यंत न्यायची असं मनात होतं. आईनं उपवासाची खिचडी खाऊन झाल्यावर दोनदा विचारलं. पण रुळांमधे चिकटवलेली खडी वाळली नाही. फेविकॉलमधे तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून ड्रॉपरनं सोडलेलं. साबणामुळं ते खडीत मुरतं, गोळा होऊन वर राहत नाही. उन्हाळ्यात रात्रीत दगड होतं. या हवेत तिसरा दिवस, आणि अजून बोटाला चिकट.

आई कॉटवर बसून सांगत राहिली. तिच्या लहानपणी आषाढीला छोट्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसं असायची. गाडी इतकी हळू की मुलं उतरून शेजारून पळायची. मी वहीत लिहून घेतलं. ते रूळ काढून तिथं मोठी लाईन झाली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेतून लातूरला कृष्णेचं पाणी घेऊन गाडी गेली ती त्याच मार्गानं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. आई तेव्हा टीव्हीसमोरून उठली नव्हती. “आमच्याच वाटंनं चाललीया,” एवढंच म्हणाली होती.

१० जुलै

गाडी गेली. इंजिन आणि तीन डबे. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरून निघाली, पहिला सांधा, कोपऱ्याचं वळण, तिसरा सांधा, चौथा, आणि कवठे महांकाळला थांबली. रेवाला वाटलं होतं गोल फिरणार नाही म्हणून मजा येणार नाही, पण गाडी टोकाला पोचल्यावर तिनंच इंजिन सोडवून उलट्या बाजूला लावलं आणि परत मिरजेला आणलं. परत नेलं. परत आणलं. कोपऱ्यावर एकदाच दुसरा डबा पडला, त्याचं चाक तपासायचंय.

आई खुर्ची ओढून शेवटच्या फळीपाशी बसली. चष्मा लावून बराच वेळ पाहत होती. मग सांध्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे मधी कापलंय कशाला?”

“उचलून न्यायला, आजी,” रेवा म्हणाली.

“कुठं?”

रेवानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही. आईनंच बोट पुढं सरकवलं, स्टेशनामागच्या झाडापाशी. वेलींच्या मुळ्या आणि रंगवलेल्या स्पंजाचं, आठवडाभर खपून केलेलं झाड.

“आन् ह्यो लिंब हितं नव्हता. त्या अंगाला होता, पाण्याच्या टाकीजवळ. आम्ही सावलीला तिथंच बसायचो.”

खडीखालचा फेविकॉल या हवेत अजून ओलाच होता. झाड अलगद हातात आलं.