घरफाळ्यावर हरकत घेताना: भांडायचं ते मापाशी

घरफाळ्याची (म्हणजे घरपट्टीची) वाढीव नोटीस आली की बरेच जण "एवढा फाळा कसा काय?" म्हणत महापालिकेचं विभागीय कार्यालय गाठतात आणि अर्जातही तेवढंच लिहून देतात. असा अर्ज टिकत नाही. हरकत लेखी हवी आणि तिच्यात कारणं थोडक्यात पण पूर्ण मांडलेली हवीत, असं कर आकारणीचे नियमच सांगतात. "फाळा परवडत नाही" हे कारण कितीही खरं असलं तरी सुनावणीत त्याचा उपयोग होत नाही. रक्कम ज्या नोंदींतून निघाली, त्यातली चुकीची नोंद दाखवावी लागते.

कोल्हापुरात आकारणी भांडवली मूल्यावर होते. रेडीरेकनरचा (म्हणजे मिळकतीच्या किमतीच्या सरकारी तक्त्याचा) दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, इमारतीचं वय यांचा गुणाकार होतो. गुणाकार असल्यामुळे एक नोंद चुकली तरी अख्खा आकडा फुगतो. म्हणून आधी आपल्या मिळकतीची आकारणी नोंदवही बघायला मागा आणि तिच्यातला उतारा घ्या. माहिती अधिकारात अर्ज टाकून वाट बघत बसू नका. तिथं उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर हरकतीची मुदत निघून जाते. नोटिशीवर मुदत छापलेली असते. नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीख लगेच तिच्यावरच लिहून ठेवा.

मग टेप घेऊन घर मोजा. सगळ्यात जास्त चुका इथंच सापडतात. समजा घर बाहेरून ३० बाय २० फूट आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. भिंती नऊ इंची असतील तर आतलं माप २८.५ बाय १८.५ भरतं, म्हणजे ५२७.२५ चौरस फूट. बाहेरच्या भिंतींतच सुमारे १२ टक्के गेले, मधल्या भिंती अजून धरलेल्याच नाहीत. त्यामुळे उताऱ्यात चटई क्षेत्र (भिंती सोडून आतलं) लिहिलंय की बांधीव (भिंती धरून), आणि माप त्याच पद्धतीनं घेतलंय का, हे पहिल्यांदा तपासा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ नं गुणा. जिना, गच्ची, पार्किंग कशात धरलंय तेही बघा.

पेठांतल्या जुन्या घरांत दुसरी चूक हमखास असते. परड्यातलं पत्र्याचं शेड मुख्य घराला जोडून आरसीसीच्या दरानं लावलेलं असतं, नाहीतर मागची कौलारू खोली आणि पुढचं नवीन बांधकाम यांचं वय एकच धरलेलं असतं. प्रत्येक भाग वेगळा मोजून, वेगळा दाखवून द्या. वापराचंही तसंच. रस्त्याला शटर दिसलं की नोंद दुकानाची होते, मग आत घरचीच माणसं झोपत असोत. तिथं शटर उघडं ठेवून आतली कॉट, कपाट दिसेल असा तारखेचा फोटो काढा आणि घरगुती दराचं लाईट बिल सोबत लावा. खोली भाड्यानं दिल्याची नोंद असेल आणि भाडेकरू सोडून गेला असेल, तर तो कधी गेला याचा कागद हवा.

अर्जाला प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मागचं बिल आणि हाताने काढलेला मापांचा कच्चा नकाशा जोडा. अर्जात दोन रकाने करा: नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला पानभर मजकुरापेक्षा हे पटकन कळतं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माजी सैनिकांनी मात्र करमाफीचा अर्ज वेगळा करावा. हरकतीत तो मिसळला की दोन्ही रेंगाळतात.

सुनावणीला गैरहजर राहिलात तर निकाल तुमच्याशिवाय होतो. स्थळपाहणी मागायची असेल तर त्याच वेळी लेखी मागा. हरकत चालू आहे म्हणून बिल थांबवून ठेवणं महागात पडतं, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. हक्क राखून भरत असल्याचं पत्र देऊन पैसे भरा आणि पत्राची पोच जपून ठेवा.

निकाल लेखी आणि तारखेसह घ्या. तो मान्य नसेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे अपील करता येतं, पण त्याला फक्त १५ दिवस मिळतात. आधी हरकत घेऊन तिचा निकाल झालेला नसेल तर भांडवली मूल्याविरुद्धचं अपील दाखलच होत नाही. कराविरुद्धच्या अपिलात मागणीची रक्कमही आधी महापालिकेत भरावी लागते. म्हणून वकिलाकडे जाताना आवक शिक्क्याची प्रत, निकाल आणि भरणा पावती हे तीन कागद एकत्रच न्या.